लॅडरवर अडकलेली टीम: सहाही पोकेमॉन न बदलता ती कशी सुधारायची

पोकेमॉन शोडाउनवर, म्हणजे ऑनलाइन पोकेमॉन लढाया खेळायच्या साइटवर, टीम बनवायला अर्धा तास पुरतो, ती घासूनपुसून नीट करायला आठवडे लागतात. बहुतेकांची गाडी या दुसऱ्या टप्प्यावर अडते. तीन मॅच हरल्या की एक पोकेमॉन काढायचा आणि ज्याने हरवलं त्याचा काउंटर घालायचा. मग दुसऱ्याच कुणीतरी हरवलं की आणखी एक बदल. दहा बदलांनंतर सहा पोकेमॉन उरतात, टीम उरत नाही.

इथली सगळी गणितं नवव्या पिढीच्या ओयू फॉरमॅटची (स्मोगन या साइटने ठरवलेल्या गटाची) आहेत, म्हणजे सिंगल्स, सहाविरुद्ध सहा, लेव्हल १००. व्हीजीसी, म्हणजे अधिकृत स्पर्धांचा फॉरमॅट, डबल्स असतो, त्यात सहापैकी चारच उतरवायचे असतात आणि लेव्हल ५० असते. पद्धत तिथेही हीच चालेल, आकडे मात्र चालणार नाहीत. लेव्हल १०० ला दर ४ ईव्हीमागे (ईव्ही म्हणजे स्टॅट वाढवायला आपण वाटायचे गुण) एक पॉइंट मिळतो. लेव्हल ५० ला पहिला पॉइंट ४ ईव्हीला आणि पुढचा प्रत्येक ८ ला मिळतो.

आधी नोंद, मग बदल

टीमला हात लावण्याआधी तीच टीम जशीच्या तशी वीस-पंचवीस मॅच खेळा. प्रत्येक हरलेल्या मॅचचा रिप्ले सेव्ह करा आणि एका वहीत किंवा शीटमध्ये चार गोष्टी लिहा: मॅच कितव्या टर्नला हातातून गेली, समोरच्या कोणत्या पोकेमॉनमुळे गेली, त्या वेळी आपल्या बाजूला कोणते हॅझर्ड (आत येणाऱ्या पोकेमॉनला इजा करणारे सापळे) होते, आणि टेरा (पोकेमॉनचा टाइप बदलण्याची सोय) कुणी कुणावर वापरलं. शेवटचा टर्न लिहू नका. तो फक्त निकाल असतो. मॅच बहुतेक वेळा त्याच्या सहा-सात टर्न आधीच गेलेली असते.

मग प्रत्येक हार तीनपैकी एका खात्यात टाका: खेळण्यातली चूक, नशीब, टीमची उणीव. इथे प्रामाणिक राहणं अवघड असतं, कारण नशिबाचं खातं फार सोयीचं आहे. क्रिटिकल हिटची शक्यता २४ मध्ये १ असते, तो बसला तर ते नशीब. पण ७० टक्के अचूकतेचा फोकस ब्लास्ट लागोपाठ दोनदा लागण्याची शक्यता ४९ टक्केच आहे. दोन फोकस ब्लास्ट लागल्याशिवाय टीम जिंकतच नसेल तर ती टीमची उणीव आहे, नशिबाची नाही.

वीस मॅचच्या निकालावरून टीम सुधारली की बिघडली हे ठरवू नका. निव्वळ नाणेफेक असती तरी वीसपैकी सहापासून चौदापर्यंत कितीही विजय सहज येऊ शकतात. म्हणून एका बदलानंतर १३-७ असा निकाल लागला तर त्याचा अर्थ जवळपास काहीच नाही. बदल ज्या अडचणीसाठी केला ती अडचण पुढच्या मॅचमध्ये सुटली का, एवढंच तपासा. लॅडरवर, म्हणजे शोडाउनच्या रेटिंगच्या क्रमवारीत, खाली १००० च्या आसपास समोरचे इतके चुकतात की तिथले विजय टीमबद्दल काहीच सांगत नाहीत.

एक टीम उघडून बघू

नमुना म्हणून सहा घेऊ: चॉइस स्पेक्स ड्रॅगापल्ट, रॅपिड स्पिनवाला ग्रेट टस्क, स्वोर्ड्स डान्स किंगॅम्बिट, फ्यूचर साइट आणि चिली रिसेप्शनवाला गॅलेरियन स्लोकिंग, स्टेल्थ रॉक आणि स्पाइक्स पसरवणारा टिंग-लू, आणि डिफॉग, बॉडी प्रेस, यू-टर्न, रूस्ट असा कॉर्विनाइट. दिसायला काहीच वावगं नाही. प्रत्येक सेट वेगळा काढून बघितला तर बरोबरच आहे.

आता प्रत्येकासमोर त्याचं काम एका ओळीत लिहा. “चांगला पोकेमॉन आहे” हे काम नव्हे. “टिंग-लू: हॅझर्ड टाकणे आणि स्पेशल मार झेलणे” हे काम. “ड्रॅगापल्ट: हॅझर्डने घायाळ झालेल्यांना वेगाने फोडणे” हेही काम. असं लिहीत गेलं की या टीममधली विसंगती आपोआप समोर येते. टिंग-लू दोन-तीन टर्न घालवून समोर स्पाइक्स पसरतो, आणि कॉर्विनाइटचा डिफॉग दोन्ही बाजूंचे हॅझर्ड साफ करतो. म्हणजे आपणच आपला सडा पुसतोय. त्यात हॅझर्ड काढायला ग्रेट टस्क आहेच, आणि रॅपिड स्पिन फक्त आपल्या बाजूचे काढतो.

ते स्पाइक्स किती मोलाचे होते तेही मोजून बघा. टिमिड (स्पीड वाढवणाऱ्या नेचरचा, म्हणजे स्वभावाचा), पूर्ण स्पेशल अटॅकचा स्पेक्स ड्रॅगापल्ट झमाझेंटावर शॅडो बॉल मारतो. झमाझेंटाचा एचपी किंवा स्पेशल डिफेन्स यांत ईव्ही नसतील तर त्याचा एचपी ३२५ भरतो आणि मार १४५ ते १७२ पडतो. दोन शॅडो बॉलमध्ये तो पडेलच असं नाही, कमीत कमी मार २९० च होतो. पण आत येताना स्पाइक्सचा एकच थर लागला तर ४० एचपी आधीच जातात, २८५ उरतात, आणि मग दोन शॅडो बॉल नक्की पुरतात. झमाझेंटाकडे लेफ्टओव्हर्स असतील तर मात्र ही खात्री परत जाते, कारण मधल्या टर्नला तो २० एचपी मिळवतो. एका थराने जुगाराचा हिशोब होतो तो असा, आणि डिफॉग मारला की तो पुन्हा जुगार होतो.

बदलाचा क्रम

उणीव सापडली की हात थेट पोकेमॉनवर जातो. तो शेवटी जायला हवा. आधी खेळण्याची पद्धत, मग एखादी मूव्ह, मग ईव्ही आणि नेचर, मग आयटम, मग टेरा टाइप, आणि यातल्या कशानेच भागलं नाही तरच पोकेमॉन. कारण साधं आहे. एक मूव्ह बदलली तर एकाच ठिकाणी परिणाम होतो. पोकेमॉन बदलला तर त्याच्या रेझिस्टन्सवर (ठरावीक टाइपचा मार कमी लागण्यावर) टेकलेले बाकीचे पाच डळमळतात. शिवाय एका वेळी एकच बदल करा. दोन एकदम केले तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

समजा, वहीत ओगरपॉनचं वेलस्प्रिंग रूप वारंवार येतंय. ग्रेट टस्क आणि टिंग-लू दोघांवर पाण्याचा मार दुप्पट पडतो. वेलस्प्रिंगच्या पाणी आणि गवत या दोन्ही मूव्ह रेझिस्ट करणारा टीममध्ये एकटा ड्रॅगापल्ट आहे, पण तो मार झेलायला बनलेला नाही. पहिला विचार येतो की एखादा ड्रॅगन किंवा गवताचा जाडजूड पोकेमॉन घालावा. थांबा, आधी कॅल्क्युलेटर उघडा.

कॉर्विनाइटला इम्पिश (डिफेन्स वाढवणारं) नेचर, २५२ एचपी आणि १३६ डिफेन्स ईव्ही दिले तर एचपी ४०० आणि डिफेन्स ३०८ भरतो. जॉली (स्पीड वाढवणाऱ्या नेचरच्या) ओगरपॉनने एकदा स्वोर्ड्स डान्स करून (अटॅक दुप्पट करून) आयव्ही कजल मारला तर २८३ ते ३३४ मार पडतो. आपल्या बाजूला स्टेल्थ रॉक असला तरी कॉर्विनाइट आत येताना ५० गमावून ३५० वर असतो, म्हणजे क्रिटिकल नसेल तर तो उभा राहतो. अडचण फक्त परत मारण्याची आहे. बॉडी प्रेसने ओगरपॉनचं फारसं काही बिघडत नाही.

आता डिफॉगच्या जागी ब्रेव्ह बर्ड घाला. अटॅकमध्ये एकही ईव्ही नसताना तो ओगरपॉनला २६६ ते ३१४ लावतो. ओगरपॉनचा एचपी ३०१ असतो, त्यामुळे एका फटक्यात पडण्याची शक्यता चारात एक. पण टिंग-लूचे स्टेल्थ रॉक समोर असतील तर तो ३७ गमावून २६४ वर येतो, आणि कमीत कमी मारही २६६ आहे. दोन एचपीच्या फरकाने खात्रीचा बळी. म्हणजे ज्या डिफॉगमुळे आपले हॅझर्ड पुसले जात होते, तोच काढल्याने ओगरपॉनही हाताळता आला. एका मूव्हमध्ये दोन कामं झाली आणि सहाही पोकेमॉन जागेवर राहिले.

याला मर्यादा आहे. ओगरपॉनने टेरा केलं तर हे गणित कोसळतं, कारण पाण्याच्या मूव्हची ताकद वाढते आणि त्याच्यावरची उडत्या टाइपची कमजोरी जाते. तेव्हा ड्रॅगापल्ट जिवंत असायला हवा. हे टीममध्ये नाही, खेळात सांभाळायचं असतं. वहीत लिहून ठेवा: “समोर वेलस्प्रिंग दिसला तर ड्रॅगापल्ट उगाच खर्च करायचा नाही.”

वेगाची यादी

ईव्हीमध्ये सगळ्यात जास्त चुका स्पीडच्या होतात. सहाही पोकेमॉनचा प्रत्यक्ष स्पीड आकडा कागदावर उतरत्या क्रमाने लिहा आणि त्यात समोर हमखास दिसणाऱ्यांचे आकडे मिसळा. पूर्ण ईव्ही आणि स्पीड वाढवणारं नेचर धरून ड्रॅगापल्ट ४२१, झमाझेंटा ४१२, डार्कराय ३८३, आयर्न व्हॅलियंट ३६४, ओगरपॉन ३५०, गारचॉम्प ३३३, ग्रेट टस्क ३००. आपल्या टीममध्ये ४२१ नंतर थेट ३०० येतो. मधली सगळी गर्दी एकट्या ड्रॅगापल्टच्या भरवशावर आहे. तो पडला की उरलेल्या पाचांपेक्षा ती सगळी वेगवान.

भोक दिसलं म्हणून लगेच चॉइस स्कार्फ (स्पीड दीडपट करणारा आयटम) शोधायला जाऊ नका. टीममध्ये आधीच काय आहे ते बघा. आठव्या पिढीपासून रॅपिड स्पिन लागला की स्पीड एक पायरी वाढतो, म्हणजे जॉली ग्रेट टस्क ४५० वर जातो, ड्रॅगापल्टच्याही वर. त्यामुळे त्याचा स्पिन केव्हा मारायचा हा साफसफाईइतकाच वेगाचाही प्रश्न आहे. फक्त समोरचा भूत टाइपचा पोकेमॉन आत आला तर स्पिन लागत नाही आणि स्पीडही वाढत नाही. बूस्टर एनर्जीने स्पीड वाढवलेला आयर्न व्हॅलियंट ५४६ ला पळतो. त्याला वेगाने गाठायचा विचार सोडा, स्लोकिंगने झेला.

नेचर निवडतानाही हाच कागद लागतो. ड्रॅगन डान्स मारलेला जॉली ड्रॅगोनाइट ४२६ होतो आणि ड्रॅगापल्टला पाच पॉइंटने मागे टाकतो. तोच अडॅमंट (अटॅक वाढवणाऱ्या नेचरचा) घेतला तर ३८८, म्हणजे डार्करायच्या पुढे पण झमाझेंटाच्या मागे. दोन्ही योग्य असू शकतात. टीममध्ये ड्रॅगापल्टला हाताळणारा दुसरा कुणी आहे का, यावर ते ठरतं. स्कार्फवाला लँडोरस-थेरियन अडॅमंट ठेवला तर ४२१ वर बरोबर ड्रॅगापल्टशी टाय होतो, म्हणजे आधी कोण चालणार ते नशिबावर. टायवर मॅच सोडणं मला तरी पटत नाही. जॉली घ्या, ४६३ मिळतात.

मंद पोकेमॉनमध्ये स्पीडचे थोडे ईव्ही घालणं हा वेगळाच प्रकार. कॉर्विनाइट ईव्हीशिवाय १७० ला असतो. १२० ईव्ही घातले की २००, म्हणजे पूर्ण स्पीडच्या अडॅमंट किंगॅम्बिटच्या (१९९) बरोबर एक पॉइंट पुढे. हा एक पॉइंट कशाला? किंगॅम्बिटला पाडायला दोन बॉडी प्रेस लागतात. एका स्वोर्ड्स डान्सनंतर त्याचा काउटाव क्लीव्ह ४०० पैकी २४० ते २८३ घेतो, म्हणजे आपण एक झेलू शकतो, दोन नाही. आपली चाल आधी असेल तर दोन बॉडी प्रेसच्या मध्ये एकच क्लीव्ह येतो. मग त्याला सकर पंचचाच (समोरचा हल्ला करत असेल तरच आधी लागणाऱ्या मूव्हचा) आधार उरतो, आणि आपण हल्ला न करता रूस्ट केला तर सकर पंच फसतो. १२० ईव्हीने समोरच्याला अंदाजाच्या खेळात ओढलं, एवढंच. पण जॉली किंगॅम्बिटला (२१८) मागे टाकायचं म्हटलं तर १९६ ईव्ही लागतात आणि डिफेन्स उघडा पडतो. तिथे थांबायचं.

ईव्ही वाटताना ५१० ची मर्यादा आणि एका स्टॅटला २५२ हे सगळ्यांना ठाऊक असतं. विसरतं ते हे की ४ ने भागून उरलेले ईव्ही वाया जातात. प्रत्येक वाटपासमोर त्याचं कारण लिहिता आलं पाहिजे: “१२० स्पीड: अडॅमंट किंगॅम्बिट.” दोन महिन्यांनी तो पोकेमॉन कुणी वापरेनासं झालं तर ते ईव्ही कुठे परत न्यायचे हे लगेच कळतं.

टेरा: एकाच ताटात किती हात

टेरा मॅचमध्ये एकदाच मिळतं. रिप्ले बघताना टेरा प्रत्यक्षात कुणावर वापरलं जातं ते मोजा. दहापैकी आठ वेळा किंगॅम्बिटवर जात असेल तर बाकीच्यांचे टेरा टाइप बचावासाठी, अडीअडचणीला ठेवा. टेराशिवाय चालतच नाहीत असे तीन पोकेमॉन एका टीममध्ये असतील तर दोन नेहमी उपाशी राहणार.

टाइप बदलला की हॅझर्डचा हिशोबही बदलतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. किंगॅम्बिटवर स्टेल्थ रॉकचा मार सोळावा हिस्सा असतो. टेरा फ्लाइंग घेतलं की लढाऊ टाइपचा चौपट लागणारा मार नेहमीच्या अर्धाच लागतो, जमिनीचा लागतच नाही, स्पाइक्सही लागत नाहीत. पण त्यानंतर बाहेर जाऊन परत आलात तर स्टेल्थ रॉक पाव एचपी घेतो. म्हणून टेरा फ्लाइंगचा किंगॅम्बिट टेरा केल्यावर बसून राहायच्या तयारीनेच उतरवावा. टेरा घोस्टमध्ये लढाऊ टाइपचा मार पूर्णच थांबतो आणि रॉकचाही मार आठवा हिस्साच असतो, पण जमिनीपासून बचाव नाही.

टीमच्या प्रकारांविरुद्ध तपासणी

लॅडर जे देईल तेच खेळत बसलात तर पावसाची टीम आठवड्यात दोनदाच भेटेल. मित्राला चॅलेंज टाका आणि पाऊस, सूर्य, स्टॉल (नुसता बचाव करून दमवणारी टीम), लाइट स्क्रीन-रिफ्लेक्टवाली आक्रमक टीम, ट्रिक रूम (मंद पोकेमॉन आधी चालतात अशी टीम), प्रत्येकाविरुद्ध तीन-चार मॅच खेळा. पावसात स्विफ्ट स्विमचा (पावसात स्पीड दुप्पट करणाऱ्या अंगभूत गुणाचा) बॅरास्क्यूडा अडॅमंट असला तरी ७४२ स्पीडने पळतो. त्याला वेगाने कुणी गाठत नाही. पाऊस पाच टर्न टिकतो, डँप रॉक असेल तर आठ, तेवढे टर्न कुणाच्या जिवावर काढायचे हे आधीच ठरलेलं हवं.

स्टॉलविरुद्ध पीपी, म्हणजे मूव्ह किती वेळा वापरता येते ते, मोजायला शिका. नवव्या पिढीत रूस्ट आणि रिकव्हरसारख्या एचपी परत देणाऱ्या मूव्ह जास्तीत जास्त ८ वेळा वापरता येतात. हे लक्षात ठेवून दर टर्नला थोडा मार देत राहिलं तर स्टॉल आपोआप आटतो, घाई केली तर आपणच आटतो. ज्या फॉरमॅटमध्ये घोल्डेंगो चालतो तिथे त्याच्यावर ना डिफॉग लागतो ना रॅपिड स्पिन, तेव्हा तुमचा हॅझर्ड काढणारा घोल्डेंगोला इजा करू शकतो का तेही बघा. ग्रेट टस्क हेडलाँग रशने करतो.

प्रत्येक प्रकारासमोर एक वाक्य लिहा: शेवटचे दोन कोण पाडणार? उत्तर सगळीकडे “किंगॅम्बिट” असेल तर काळजी करा. पडलेल्या प्रत्येक साथीदारामागे सुप्रीम ओव्हरलॉर्ड हा त्याचा अंगभूत गुण त्याची ताकद दहा टक्क्यांनी वाढवतो, म्हणून तो शेवटी भारी वाटतो, पण त्यावरच सगळं सोपवलं तर समोरचा त्याच्यासाठीच एक पोकेमॉन राखून ठेवतो.

पोकेमॉन काढायची वेळ

दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरच काढा. एक, त्याचं लिहिलेलं काम दहा मॅचमध्ये त्याने दोन-तीनदाच केलंय. दोन, मूव्ह, ईव्ही, आयटम, टेरा यांतलं काहीही बदलून ते काम होत नाही. नवा निवडताना त्याने कोणाला मारावं याआधी जुना काय झेलत होता ते भरून निघतं का बघा. स्लोकिंग काढला तर लढाऊ टाइपचा मार झेलणारा आणि परी टाइपला रेझिस्ट करणारा एकाच वेळी जातो, शिवाय बाहेर जाताना एक तृतीयांश एचपी परत देणारा रिजनरेटरही. त्यामुळे काढताना आकर्षक वाटणारा हा बदल बहुधा महाग पडतो.

दर महिन्याला स्मोगन वापराची आकडेवारी देतं. त्यात ओयूसाठी १६९५ आणि १८२५ रेटिंगच्या भाराने मोजलेल्या याद्या असतात. सगळ्या खेळाडूंची यादी सोडून त्याच बघा. ज्या पोकेमॉनसाठी तुम्ही ईव्ही राखून ठेवलेत तो यादीत कुठे गेला, त्याचे नेहमीचे सेट बदलले का, एवढं वाचलं तरी पुरे.

प्रत्येक बदलाआधी टीमबिल्डरमधून टीम एक्स्पोर्ट करून तारीख टाकून ठेवा, म्हणजे परत फिरता येतं. एखाद्यावर बंदी आली की व्हॅलिडेट बटण जुनी टीम नाकारतं. तेव्हा त्याच्या जागी दुसरा घालण्याआधी वेगाची यादी पुन्हा काढा, कारण ज्याला मागे टाकण्यासाठी तुम्ही ईव्ही दिले होते तोच गेलेला असू शकतो.